'क्लब फ्युचर नॉस्टॅल्जिया' पहिल्यांदा ऐकणार असाल तर हे वाचून घ्या

दुआ लिपा ह्या पॉप गायिकेची 'लेव्हिटेटिंग' आणि 'डोन्ट स्टार्ट नाऊ' ही गाणी तुमच्या कानावर कुठे ना कुठे पडलेली असणारच, रील्समध्ये, जिममध्ये, नाहीतर कुणाच्या तरी संगीतच्या रात्री. पण ह्याच गाण्यांचा एक अख्खा रीमिक्स अल्बम आहे हे खूप जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यातले बरेच जण दोन ट्रॅक ऐकून सोडून देतात. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे ह्यात गाणं सुरूच होत नाही, नुसता ठेका वाजत राहतो". मला हा अल्बम अगदी मनापासून आवडतो, म्हणून ज्यांना सिंथ-पॉप, हाऊस, रीमिक्स ह्यातलं काहीच माहीत नाही पण ऐकून बघायचं आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. घाई करू नका, एक-दोन आठवडे द्या ह्याला.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

मूळ अल्बम 'फ्युचर नॉस्टॅल्जिया', 27 मार्च 2020 ला आला. आपल्याकडे लॉकडाऊन लागून जेमतेम दोन दिवस झाले होते आणि जगातले बहुतेक डान्स क्लब बंद पडत होते, म्हणजे नाचण्यासाठी बनवलेला अल्बम आला आणि नाचायला जागाच नाही अशी परिस्थिती. त्यात 11 गाणी, साधारण 37 मिनिटं. आवाज सगळा जुन्या वळणाचा, 70 च्या दशकातला डिस्को, 80 च्या दशकातला सिंथ-पॉप (म्हणजे सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ, ह्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर केलेलं पॉप), थोडं 90 चं हाऊस (क्लबमध्ये नाचायचं, सरळ ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत), पण रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग एकदम आजचं. पुढच्या वर्षी ग्रॅमीमध्ये ह्याला बेस्ट पॉप व्होकल अल्बम मिळाला.

मग 28 ऑगस्ट 2020 ला 'क्लब फ्युचर नॉस्टॅल्जिया' आला. त्या 11 च्या 11 गाण्यांचे रीमिक्स, शिवाय 'लव्ह इज रिलिजन' आणि 'दॅट काइंड ऑफ वुमन' ही आधी कुठेच न आलेली दोन गाणी, आणि ब्लॅकपिंक ह्या कोरियन ग्रुपबरोबरचं 2018 चं 'किस अँड मेक अप'. हे सगळं द ब्लेस्ड मडोना ह्या अमेरिकन डीजेने एकाला एक जोडून साधारण 50 मिनिटांचा एक सलग सेट केलाय. ही डीजे वेगळी आणि गायिका मडोना वेगळी बरं का, कारण गायिका मडोना पण ह्या अल्बमवर आहे, 'लेव्हिटेटिंग'च्या रीमिक्समध्ये, त्यामुळे नवीन माणसाचा गोंधळ होतो तो इथेच मिटवून टाकू.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मूळ अल्बम जुन्या आवाजावरून प्रेरणा घेऊन केलेला आहे, पण रीमिक्स करायला ज्यांना बोलावलंय त्यातले कितीतरी लोक तो जुना आवाज ज्यांनी घडवला तेच आहेत. शिकागोमध्ये 80 च्या दशकात हाऊस म्युझिक जन्माला आलं तेव्हा तिथे हजर असलेला लॅरी हर्ड ह्यात आहे, न्यूयॉर्कचे 90 चे दादा लोक मास्टर्स ॲट वर्क आहेत. म्हणजे एका तरुण मुलीने ज्यांच्या संगीतावरून गाणी केली ती गाणी तिने त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाली, आता तुम्ही करा काय करायचं ते. हे डोक्यात ठेवून ऐकलंत ना तर अर्धं काम तिथेच झालं.

पायरी 1: ओरिजिनल अल्बम नीट ऐकून घ्या

हे टाळू नका. रीमिक्स म्हणजे काय काढलं, काय ठेवलं, काय नवीन घातलं ह्याचा खेळ आहे, आणि मूळ गाणं डोक्यात बसलेलं नसेल तर तुम्हाला काय काढलंय तेच कळणार नाही. तीन-चार वेळा ऐका, काम करताना ऐकलंत तरी चालेल, पण प्रत्येक गाण्यातली एक खूण लक्षात ठेवा. 'डोन्ट स्टार्ट नाऊ'मधली बेस गिटार, ती एकदा कानात गेली की जात नाही. 'फिजिकल'मधला तो जरा गंभीर, काळोखा सिंथ आणि धावता वेग. 'ब्रेक माय हार्ट'मधला गिटारचा तुकडा, जो इनएक्सएस ह्या ऑस्ट्रेलियन बँडच्या 1987 च्या 'नीड यू टुनाइट'वरून घेतलाय. 'प्रिटी प्लीज'मध्ये तर फारसं काही नाहीच, बेस आणि आवाज, आणि मधली मोकळी जागा, आणि तीच त्याची मजा.

'लव्ह अगेन'वर मात्र जरा थांबा. त्यात एक ट्रंपेटची धून वाजते, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमधून आल्यासारखी. ती खरोखरच जुनी आहे, 1932 मध्ये लंडनच्या लू स्टोनच्या बँडने 'माय वुमन' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं, गायक अल बोली, त्यातला तो तुकडा. पण बऱ्याच लोकांना ही धून ओळखीची वाटते ती 1997 मुळे, त्या वर्षी जानेवारीत व्हाइट टाऊन नावाने 'युअर वुमन' हे गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, आणि व्हाइट टाऊन म्हणजे बँड वगैरे काही नाही, ज्योती मिश्रा नावाचा एकटा माणूस, जन्म ओडिशातल्या राउरकेलाचा, वाढला इंग्लंडमध्ये, आणि हे गाणं त्याने घरच्या घरी केलेलं. तेव्हा 1932 चा ट्रंपेट, 1997 ला राउरकेलाच्या माणसाने उचलला, 2020 ला दुआ लिपाने उचलला, आणि त्याच वर्षी लंडनच्या हॉर्स मीट डिस्को ह्या डीजे मंडळींनी त्याला परत डिस्कोच्या फ्लोअरवर नेला. एकच तुकडा जवळजवळ 90 वर्षं हातोहात फिरतोय. रीमिक्स म्हणजे मूळ गाण्याची वाट लावणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

पायरी 2: फोनचं सेटिंग

हे पटकन सांगतो पण करा नक्की. शफल बंद. हा सलग सेट आहे, एक ट्रॅक संपायच्या आधीच पुढचा आत शिरलेला असतो, शफलवर लावलंत तर प्रत्येक तीन मिनिटांनी कुणीतरी वायर खेचल्यासारखं होईल. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणारं सेटिंग) असेल तर तो शून्यावर ठेवा, कारण गाणी एकमेकांत मिसळायचं काम डीजेने आधीच केलंय, तुमच्या ॲपने वर अजून मिसळायची गरज नाही. गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन ट्रॅकच्या मधे खंड न पडू देणारं सेटिंग, चालू ठेवा. फुकटच्या अकाउंटवर मध्येच जाहिरात येत असेल तर तेवढ्यापुरतं दुसरीकडे ऐका, 50 मिनिटांच्या सेटमध्ये मध्येच विम्याची जाहिरात आली की सगळं गेलं.

अल्बम शोधताना नावाबरोबर डीजे मिक्स असं टाइप करून बघा. ह्यातले काही रीमिक्स सुटे पण मिळतात, 'लेव्हिटेटिंग' आणि 'फिजिकल' तर सिंगल म्हणूनच आले होते, पण पहिल्यांदा ऐकताना सलग सेटच ऐका, सुटे नंतर कामाला येतील.

फोनच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. ह्या संगीताचा जीव खालच्या आवाजात आहे, किक ड्रमचा, म्हणजे ठेक्यातल्या त्या जड धप्प आवाजाचा, मुख्य दणका साधारण 50-60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तो काढताच येत नाही, मग तुम्हाला वरवरची टिकटिक आणि बाईचा आवाज एवढंच ऐकू येतं आणि मग वाटतं की काय बोअर आहे. साधे वायरवाले इअरफोन पण चालतील, महागाचे लागत नाहीत, फक्त कानात नीट बसले पाहिजेत, सैल बसले की बेस गेलाच. बेस बूस्ट मात्र बंद ठेवा, मिक्स करणाऱ्याने जेवढा हवा तेवढा बेस दिलाय. आणि आवाज बेताचा ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेचं साधारण प्रमाण 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास असं आहे, त्याच्या वर गेलात की तास भराभर कमी होतात. कान एकदाच मिळतात.

पायरी 3: पहिलं ऐकणं, एका बैठकीत आणि स्क्रीन न बघता

50 मिनिटं मोकळी काढा. बैठक म्हटलं तरी बसायलाच पाहिजे असं नाही, उलट चालताना सगळ्यात छान ऐकू येतं, कारण ठेका पायात शिरतो. संध्याकाळचा फेरफटका, ट्रेडमिल, कल्याण-सीएसएमटी प्रवास, काहीही. फक्त ट्रॅकची नावं बघत बसू नका. आता कुठलं गाणं, हा कुणाचा रीमिक्स, हे बघायला लागलात की डोकं यादी करायला लागतं आणि ऐकणं थांबतं.

ह्या वेळी एकच काम, ठेका मोजायचा. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. हाऊस आणि डिस्कोमध्ये किक ड्रम ह्या चारही मात्रांवर पडतो. आपल्या लोकांना ताल मोजायची सवय असते, टाळी-खाली कुठे पडते हे निदान भजनात बसलेल्या माणसाला कळतंच, इथे त्याहून सोपं आहे. चार मात्रांचा एक बार, आणि असे आठ बार झाले की, म्हणजे 32 मात्रांनी, बहुतेक वेळा काहीतरी बदलतं. एखादी झांज आत येते, बेस गायब होतो, आवाजाचा तुकडा येतो, किंवा सगळंच काढून फक्त सिंथ ठेवतात. एकदा हे 32 चं घर अंगवळणी पडलं ना की पुढे काय होणार ह्याची उत्सुकता लागायला लागते, आणि "गाणं सुरूच होत नाही" ही तक्रार आपोआप जाते, कारण तुम्ही मुखड्याची वाट बघत नसता, बदलाची वाट बघत असता.

ही लांबण उगाच नसते हेही सांगून ठेवतो. 70 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टनसारख्या लोकांनी तीन मिनिटांची गाणी लांबवायला सुरुवात केली, कारण नाचणाऱ्याला लय लागते न लागते तोच गाणं संपायचं. मग त्यासाठी 12 इंची तबकडी आली, तिच्यावर खाचांना जास्त जागा मिळते त्यामुळे बेस दणकट आणि आवाज मोठा येतो. आणि डीजेला एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जायचं असतं, त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका असलेला भाग लागतो. तुम्हाला जो रिकामा भाग वाटतो तो डीजेचा पूल असतो, त्यावरूनच तो पलीकडे जातो.

पायरी 4: दुसरं ऐकणं, एकाच गाण्याच्या दोन जोड्या

इथे खरी मजा आहे त्यामुळे इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. ह्या अल्बममध्ये दोन गाणी अशी आहेत जी दोन-दोन वेळा आली आहेत, वेगवेगळ्या लोकांच्या हातून, आणि शिकायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पहिली जोडी 'हॅल्युसिनेट'. एक मिस्टर फिंगर्सचं, एक पॉल वूलफोर्डचं. मिस्टर फिंगर्स म्हणजेच तो लॅरी हर्ड, शिकागोचा, मुळात ड्रमर, ज्याचं 1986 चं 'कॅन यू फील इट' डीप हाऊसचा, म्हणजे हाऊसच्या जरा शांत, खोल प्रकाराचा, पाया समजलं जातं. ओरिजिनल 'हॅल्युसिनेट' काय आहे, एकदम भरलेलं, चमचमीत, पहिल्या सेकंदापासून हात वर. हर्डने त्यातली ती सगळी चमक उतरवून ठेवलीये. खाली गोल बेस, वर लांब पसरलेले सिंथचे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर), आणि मधे तिचा आवाज एकटा. तेच शब्द, तीच चाल, पण आता ती गर्दीत ओरडून सांगत नाहीये, रात्री उशिरा स्वतःशी बोलतेय असं वाटतं. कॉर्ड बदलले की चालीचा अर्थ कसा बदलतो हे मला कुणी समजावून सांगून कळलं नसतं ते इथे कानाने कळतं. मग लगेच वूलफोर्डचं ऐका, तिथे परत ताकद, परत दणका, पण ओरिजिनलसारखा पॉप दणका नाही, क्लबमध्ये रात्री दोन वाजता लागतो तसा. आधी ओरिजिनल, मग हर्ड, मग वूलफोर्ड असं पाठोपाठ लावा, एकूण दहा-बारा मिनिटांचं काम आहे, आणि एवढं जरी केलंत तरी रीमिक्स करणारा नेमकं करतो काय हे तुम्हाला आयुष्यभरासाठी कळेल.

दुसरी जोडी 'प्रिटी प्लीज', एक मिडलँडचं आणि एक मास्टर्स ॲट वर्कचं. मास्टर्स ॲट वर्क म्हणजे लुई व्हेगा आणि केनी डोप गोंझालेझ, न्यूयॉर्कची जोडी. मिडलँडच्या कामाला रीफिक्स म्हटलंय आणि दिमित्री फ्रॉम पॅरिस ह्या डीजेने केलेल्या 'ब्रेक माय हार्ट'ला एडिट, हे फरक साधारण कळले की पुरे. एडिटमध्ये मूळ रेकॉर्डिंगची कापाकापी आणि मांडणी बदलणं जास्त, रीमिक्समध्ये गायिकेचा आवाज ठेवून खालचं संगीत नव्याने करणं जास्त. ह्यासाठी रीमिक्स करणाऱ्याला स्टेम्स दिले जातात, म्हणजे आवाज वेगळा, बेस वेगळा, ड्रम वेगळे अशा सुट्या फाइल्स. काही जण सगळे वापरतात, काही जण फक्त आवाज ठेवून बाकी बाजूला सारतात. माझं मत विचाराल तर चांगला रीमिक्स करणारा गाण्यातली एकच गोष्ट निवडतो आणि तिच्यासाठी बाकी सगळं सोडायला तयार होतो. हर्डने एकटेपणा निवडला. सगळंच ठेवायचा प्रयत्न केला की गर्दी होते.

पायरी 5: वेगाकडे लक्ष द्या

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी. वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. ओरिजिनल 'लेव्हिटेटिंग' साधारण 103 ला आहे, 'डोन्ट स्टार्ट नाऊ' 124 ला, आणि 'फिजिकल' जवळजवळ 147 ला. अल्बम म्हणून हे छान आहे, प्रत्येक गाण्याची चाल वेगळी. पण डीजेच्या दृष्टीने संकट आहे, 103 वरून 147 वर सलग नेणार कसं? नाचणाऱ्यांची पावलंच अडखळतील. हाऊसचा नेहमीचा पट्टा साधारण 120 ते 128, म्हणून एकाला वर ओढावं लागतं आणि एकाला खाली आणावं लागतं. 'फिजिकल'चा मार्क रॉन्सनने केलेला आणि ग्वेन स्टेफनी असलेला रीमिक्स ऐकताना हेच बघा, ते धावणारं गाणं इथे ऐटीत चालायला लागलंय. मला सुरुवातीला तो वेग गेल्याची हळहळ वाटते दरवेळी, पण दुसऱ्या मिनिटापर्यंत पटतं.

वेग बदलला की गायकीवर पण परिणाम होतो. पूर्वी वेग वाढवला की आवाज चिरका व्हायचा, आता सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी तशीच ठेवून लांबी कमी-जास्त करतं. तरीही ताणलेल्या आवाजात कधीकधी एक बारीक थरथर येते, इअरफोनवर लक्ष देऊन ऐकलं तर सापडते.

पायरी 6: जोडणीच्या जागा शोधा

तिसऱ्यांदा ऐकताना फक्त सांधे ऐका, म्हणजे एक गाणं जाताना आणि दुसरं येताना नक्की काय होतं ते. बहुतेक वेळा आधी येणाऱ्या गाण्याची झांज नाहीतर टाळी येते, मग जाणाऱ्याचा बेस काढतात आणि येणाऱ्याचा बेस आत सोडतात, दोन बेस एकत्र वाजू देत नाहीत कारण चिखल होतो. ब्लेस्ड मडोना मधेमधे जुन्या गाण्यांचे तुकडेही पेरत जाते, स्टीव्ही निक्सचं 1983 चं 'स्टँड बॅक' आहे, नेने चेरीचं 'बफेलो स्टान्स' आहे. ते कुठे आहेत हे मी सांगत नाही, स्वतः शोधण्यात जास्त आनंद आहे.

आणि दिमित्री फ्रॉम पॅरिसने 'ब्रेक माय हार्ट' आणि जमीरोक्वाय ह्या बँडचं 1996 चं 'कॉस्मिक गर्ल' एकमेकांत असं बसवलंय की दोन गाणी एकाच दिवशी एकाच स्टुडिओत झाली असावीत असं वाटतं. दोन्हीचा डिस्को एकाच मुशीतला आहे हे त्याने कानाने ओळखलं.

हा प्रकार आपल्याला नवीन नाही खरं तर. 'लेव्हिटेटिंग'वर 'बादशाह' सिनेमातलं, म्हणजे 1999 चं अनु मलिक यांनी संगीत दिलेलं 'वो लडकी जो' बसवून कुणीतरी मॅशअप केला, तो इतका पसरला की 30 नोव्हेंबर 2024 ला बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर दुआ लिपाने स्वतः स्टेजवर तो वाजवला आणि मैदान नुसतं पेटलं. मुंबईत तेव्हा हजारो लोकांनी जे अनुभवलं तेच दिमित्रीच्या एडिटमध्ये आहे, दोन अनोळखी गाणी एकमेकांना ओळखतात तो क्षण. तुम्हाला तो मॅशअप आवडला असेल तर हा अल्बम तुम्हाला आवडणारच, फक्त सलग सेट ऐकताना दिमित्रीच्या ह्या ट्रॅकवर जास्त लक्ष द्या.

पायरी 7: सगळं आवडलंच पाहिजे असं नाही

नवीन माणसाला वाटतं की जाणकार लोक सगळ्याचं कौतुक करतात. तसं काही नाही. मला 'लेव्हिटेटिंग'चा रीमिक्स, ज्यात मडोना आणि मिसी एलियट दोघी आहेत, तो फारसा पटत नाही. दोघी आपापल्या जागी मोठ्या आहेत, मिसी एलियटबद्दल तर मला प्रचंड आदर आहे, पण एका गाण्यात तीन जणींना जागा करून देताना मूळ गाण्याचा तो तरंगल्यासारखा हलकेपणा गेलाय. अल्बमच्या आधी, 13 ऑगस्टला, सगळ्यात पुढे तोच आणला होता, त्यामुळे खूप लोकांनी तो ऐकून अख्ख्या अल्बमबद्दल मत बनवलं. तुम्ही तसं करू नका.

'बॉइज विल बी बॉइज'वर मात्र मी अजून विचार करतो. मूळ गाणं रात्री एकटीने घरी चालत जाणाऱ्या मुलीबद्दल आहे, बोटांच्या मधे किल्ल्या धरून चालावं लागतं त्याबद्दल, लहान मुलांच्या कोरससकट, आणि ते नाचायचं गाणं अजिबात नाही. झॅक विटनेसने त्याला ठेका दिलाय. काही जणांना हे खटकतं आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. मला वाटतं की क्लबमधून रात्री घरी जाणाऱ्या मुलींचाच तो विषय आहे, तेव्हा तो डान्स फ्लोअरवर ऐकू यावा ह्यात चूक नाही, उलट जिथे ऐकायला हवा तिथेच आला. तुम्ही दोन्ही ऐका आणि ठरवा, घरात एखादी कॉलेजमधली मुलगी किंवा बहीण असेल तर तिला पण ऐकवा, तिचं मत जास्त मोलाचं.

येजीचं 'डोन्ट स्टार्ट नाऊ' हे ओरिजिनलच्या चाहत्यांना सगळ्यात परकं वाटतं, कारण ती कानात बसलेली बेस गिटार शोधत बसतो आपण. दोन-तीन वेळा ऐका. गेन होशिनो ह्या जपानी कलाकाराचं 'गुड इन बेड' हसरं आहे, आणि जो गॉडर्डचं शीर्षकगीत दार उघडल्यासारखं, त्यानेच अल्बमची सुरुवात होते.

पायरी 8: इथून पुढे कुठे जायचं

अल्बम आवडला असेल तर त्यातल्या एका माणसाचं बोट धरा आणि मागे जा. 'दॅट काइंड ऑफ वुमन' आवडलं तर ते करणारा जॅक लू काँ म्हणजे स्टुअर्ट प्राइस, ज्याने मडोनाच्या 2005 च्या 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर'वर काम केलं, तो अल्बम पण सलग वाजतो, शफल परत बंद ठेवा. मडोनाचाच 1987 चा 'यू कॅन डान्स' आणि पेट शॉप बॉइजचा 1986 चा 'डिस्को' हे त्या काळातले खरेखुरे रीमिक्स अल्बम आहेत. आणि सिंथ नावाचं यंत्र डान्स फ्लोअरवर पहिल्यांदा एवढ्या ताकदीने कधी आलं हे ऐकायचं असेल तर डोना समरचं 1977 चं 'आय फील लव्ह', जॉर्जिओ मोरोडरने मूग ह्या सिंथवर केलेलं, अजूनही कालच केल्यासारखं वाटतं.

एक रेकॉर्ड मुंबईची पण ऐका. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजीत सिंग ह्यांनी 1982 मध्ये रोलंडची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही सिंथ आणि ड्रमची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, 2010 मध्ये ती परत बाहेर आली आणि जगभरचे डीजे थक्क झाले, कारण टीबी-303 चा असा आवाज शिकागोवाल्यांनी काढला तो त्यानंतर काही वर्षांनी. भैरवापासून सुरुवात करा.

पण सगळ्यात आधी मी ज्याच्याकडे पाठवीन तो म्हणजे 1982 चा 'लव्ह अँड डान्सिंग'. ह्यूमन लीग ह्या बँडच्या 'डेअर' ह्या 1981 च्या अल्बमची गाणी घेऊन निर्माता मार्टिन रशेंटने ग्रँडमास्टर फ्लॅश ह्या हिप-हॉप डीजेचं काम ऐकून भारावून जाऊन केलेले रीमिक्स, बरेचसे हाताने टेप कापून, जोडून. गाणं जवळजवळ नाहीच त्यात, नुसते सिंथ, ठेके आणि आवाजाचे तुकडे. आज क्लब फ्युचर नॉस्टॅल्जियात जे जे ऐकलंत त्याचं बीज तिथे सापडेल. आधी 'डेअर' ऐका, मग हा, पायरी 1 सारखंच. फक्त शोधताना ह्यूमन लीग टाइप केलं तर कधीकधी सापडत नाही, कारण त्यांनी तो द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा ह्या नावाने काढला होता, तेच नाव टाका.